काठावरचं खोड

१

तुओवीच्या घरी सकाळची पहिली कॉफी उभ्यानेच व्हायची. एका हातात कप, दुसऱ्या हातात बारीक कात्री, आणि काचेच्या ओसरीत एकेका कुंडीपुढे थांबत थांबत चालणं. कुणाची माती सुकली, कुणाची दोरी सैल पडली, कुणाला पहाटेचा गारठा बाधला, हे पाहून झालं की मग ती टेकायची. फिनलंडच्या सावो भागात तळ्याकाठी मे महिन्यात दिवसा ऊन पडतं खरं, पण पहाटे गवतावर बर्फाची पूड असते. म्हणून नुकती पालवी फुटलेली झाडं ती थंडी पुरती सरेपर्यंत ओसरीतच ठेवायची.

तिच्याकडे एक पाइन होता, दोन ज्युनिपर होते, एक म्हातारं बर्च होतं. जीव मात्र हापावर. हापा म्हणजे तिकडचा पिंपळच म्हणा. देठ चपटा, पान गोल, आणि वाऱ्याची नुसती चाहूल लागली तरी अख्खं झाड सळसळायला लागतं. हापाचं बोन्साय कुणी करत नाही. कुओपिओच्या बोन्साय मंडळातली ओर्वोक्की तुओवीची सगळ्यात जुनी मैत्रीण. तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "बाई, हे घरात कोल्हा पाळणं आहे. दिसेल कुत्र्यासारखा, पण ऐकणार मात्र नाही तुझं." ती म्हणत होती त्यात काही खोटं नव्हतं. हापाची फांदी आज हिरवी तर उद्या काळी. तारेने आवळली तर सालीवर कायमचा वळ. खोड पोसायला जावं तर मुळातून भलतीकडेच धुमारे.

तुओवीने मग त्या खोडीलाच हाताशी धरलं. आडव्या मुळातून ओळीने वर आलेले धुमारे तिने तसेच राखले. तारेऐवजी सुती दोऱ्यांना खडे बांधून हळूहळू त्यांना कलतं केलं, कोवळे शेंडे खुडत खुडत पानं नखाएवढी आणली. आता उथळ दगडी ताटात एका मुळावर एक इवलंसं वन उभं होतं. सगळ्यात कडेचं खोड ताटाबाहेर झुकलेलं होतं, धक्क्यावरून वाकून कुणी बोट दिसते का पाहावं तसं.

ते मूळ समोरच्या कुइक्का बेटावरचं. तुओवीने उभी हयात गाव ते बेट फेरीबोट चालवली होती. मग पूल झाला. पुलाचा रस्ता बेटावरच्या धक्क्याशी असलेल्या हापाच्या राईतून गेला. राई गेली आणि फेरीबोटही गेली. खणलेल्या मातीच्या ढिगातून तिने मनगटाएवढं मूळ उचललं, ओल्या गोणपाटात गुंडाळलं आणि शेवटच्या फेरीत घरी आणलं.

पूल बांधणाऱ्यांचा मुकादम काउको. तोही पुढे त्याच घरी आला. आधी दर उन्हाळ्यात पुलाचे बोल्ट तपासायचे म्हणून यायचा. गावातले म्हणायचे, एवढे घट्ट बोल्ट अख्ख्या फिनलंडात दुसऱ्या पुलाचे नसतील. साठी उलटलेल्या या दोघांनी आता युहान्नुसच्या सणाला, सूर्य मावळायचं विसरतो त्या दिवसांत, लग्न करायचं ठरवलं होतं. फेरीबोट बुडवणाऱ्यालाच नवरा केला म्हणून तुओवीची थट्टा व्हायची, आणि ती म्हणायची की नुकसानभरपाई वसूल करतेय.

त्या सकाळी ओसरीची सगळी दारं बंद होती. बाहेर तळं आरशासारखं पडलेलं. तुओवी कप घेऊन हापाच्या वनापाशी आली आणि थबकली. सगळी खोडं स्तब्ध होती. कडेच्या खोडाची पानं तेवढी थरथरत होती.

२

तुओवी घाबरट नव्हती. खवळलेल्या पाण्यात लोखंडी दोराच्या भरवशावर माणसं पार करणारी बाई एका पानाला काय घाबरणार? कुठूनतरी वारा येत असेल, एवढंच तिच्या मनात आलं. तिने मेणबत्ती पेटवून खिडक्यांच्या फटींवरून फिरवली. ज्योत सरळ राहिली. मग फ्रिजचा खटका बंद केला. स्वयंपाकघर एकदम मुकं झालं, आणि त्या शांततेत पानं आपली थरथरतच होती.

दुपारी काउको घरी परतला तेव्हा त्याला हे प्रकरण भलतंच आवडलं. पुलावरून लाकडाचे ट्रक जातात, त्यांचा हादरा जमिनीतून इथवर येतो, असं त्याचं म्हणणं पडलं. आपल्या पुलाचा हादरा तळं ओलांडून घरात येतो याचा त्याला थोडा अभिमानही वाटला असावा. त्याने एका पसरट वाडग्यात पाणी भरून ताटाशेजारी ठेवलं आणि दोघं स्टुलांवर बसून सिनेमा पाहावा तसं पाहत राहिले. ट्रक गेला. पाण्यावर एक वलय उठलं नाही. ट्रक गेल्यावर बऱ्याच वेळाने कडेची पानं थरथरली, तेव्हाही पाणी गपगार.

काउकोने चष्मा काढून पुसला. म्हणाला, लग्न जवळ आलं म्हणून झाडाला धडकी भरली असेल. तुओवी म्हणाली, असेल, त्याने नवरा मुलगा पाहिलाय.

मग तिने कपाटातून केकवर घालायचं काचेचं मोठं झाकण आणलं आणि अलगद त्या खोडावर पालथं घातलं. बाकीची खोडं बाहेर, ते एकटं आत. आता ना वारा, ना श्वास. दोघं पुढे वाकले. आत पानं निवांत होती. काउको काहीतरी विनोद करायला तोंड उघडणार, तोच सगळ्यात खालचं पान हललं, त्यावरचं हललं, आणि मग पुरी फांदी थरथरायला लागली. पानं काचेला लागत होती. नखाने टिचकी मारल्यासारखा बारीक आवाज येत होता.

काउको उठला आणि कॉफी करायला गेला. नेहमीपेक्षा कडक केली.

तुओवीने स्वतःची समजूत घातली. माणसाची पापणी नाही का उगाच फडफडत? झाडाच्याही शिरेत काही अडलं असेल. जिवंत आहे, हलणारच. पण झाकण मात्र तिने काढलं नाही. काढायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

३

पुढचे दिवस मोठ्या मजेत गेले, हे सांगायलाच हवं. घरात सतत कुणीतरी यायचं. कुणी अंगणातले बाक रंगवून जाई, कुणी नाचाची फळ्यांची जमीन ठोकून देई. पाण्याला लागूनच, धक्क्याशेजारी, काउकोने तिची जागा आखली होती. अकॉर्डियन वाजवणारा ताउनो लग्नात काय वाजवायचं हे विचारायला म्हणून रोज यायचा आणि काही न ठरवता वेलचीचे पाव खाऊन जायचा. तुओवीला वाटायचं, एवढं हसणं आपल्याला झेपतंय तरी कसं.

एका दुपारी ती असाच पावाचा उंडा मळत होती. ओसरीतून काचेवरची टिचटिच ऐकू येत होती, पण आता तिची सवय झाली होती. अचानक तिच्या लक्षात आलं की आपला उजवा हात पिठात नाही. तो कमरेच्या उंचीवर हवेत होता आणि मूठ वळली होती. फेरीबोटीचा दांडा धरावा तशी.

तुओवी ओट्याला टेकून उभी राहिली आणि तिने तो आवाज नीट ऐकला.

दोनदा तोकडा, एकदा लांब. थोडी विश्रांती. पुन्हा दोनदा तोकडा, एकदा लांब.

बेटावरच्या धक्क्याशी एका खांबाला घंटा असायची. गाडीवाला आला तर तो एकच ठोका द्यायचा. पायी आलेला माणूस दोन तोकडे आणि एक लांब. नंतर विजेचं बटण बसवलं, तरी बेटावरचे लोक घंटाच वाजवत. ती घंटा फेरीबोटीबरोबर भंगारात गेली. आता बेटावर उन्हाळ्यापुरते येणारे लोक राहत होते आणि ते सगळे पुलावरून गाडीने यायचे.

तिने पिठाच्या हातानेच दुर्बीण उचलली आणि ओसरीच्या काचेतून पलीकडे पाहिलं. जुना सिमेंटचा उतार, त्याच्या भेगांतलं गवत, मागे रस्त्याचा कठडा. कुणी नव्हतं. ती पाहत होती तोवर पाठीमागे पानं काचेवर वाजतच होती. दोन तोकडे, एक लांब.

नंतर तिला स्वतःचंच नवल वाटलं, पण त्या क्षणी तिने काही विचार केला नाही. जन्मभर करत आली तेच केलं. हात डोक्यावर उंच केला आणि दोनदा हलवला. दिसलात, येते.

टिचटिच थांबली.

त्या शांततेने ती जेवढी दचकली तेवढी आवाजाने दचकली नव्हती. आपल्याला कुणीतरी पाहिलं, हे तिला पाठीच्या कण्यात कळलं. पाव त्या दिवशी करपले. ताउनोने तेही खाल्ले.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ओसरी गप्प होती. मग पुन्हा सुरू झालं. या खेपेला जोरात. येते म्हणून सांगितलेली बोट न आल्यावर माणूस घंटा जशी ओढतो, तसं.

४

लग्नाला थोडेच दिवस उरले असताना कडेच्या खोडाची पानं गळायला लागली. हिरवीच, देठासकट. शेंडे काळे पडले, काळेपणा खाली उतरला, आणि एका सकाळी शेजारच्या खोडाच्या टोकावरही तो दिसला.

ओर्वोक्की लग्नाचा पोशाख अंगावर बेतायला आली होती. टाचण्या तोंडात धरूनच ती ओसरीत गेली, झाकण बाजूला केलं, नखाने साल खरवडली आणि टाचण्या काढून म्हणाली की हे मुळातून येतंय. सगळी एका मुळावर आहेत, त्यामुळे एक गेलं की ओळीने सगळी जाणार. कडेचं आत्ताच्या आत्ता मुळापाशी कापून टाकायचं, जखमेला मलम लावायचं, तरच उरलेलं वन लग्नाच्या टेबलावर उभं राहील.

तिचं बरोबर होतं. तुओवीने दुसऱ्या कुणालाही हाच सल्ला दिला असता. तिने बारीक करवत आणली. ओर्वोक्कीने ताट धरलं. फार उकडत होतं म्हणून तिने जाता जाता तळ्याकडचं दार पायाने ढकलून उघडलं होतं.

करवतीचे दात सालीला टेकले आणि पानं थांबली.

त्याच वेळी तळ्यावरून वारा आला. पडदे फुगले, टेबलावरचं वर्तमानपत्र उडून जमिनीवर पसरलं, बर्चच्या फांद्या डोलल्या, ओर्वोक्कीच्या खांद्यावरचा शिलाईचा दोरा उलगडत गेला. हापाच्या वनातलं एक पानसुद्धा हललं नाही. कडेच्या खोडाचं नाही, आणि बाकीच्या सगळ्या हिरव्यागार खोडांचंही नाही. नखाएवढी पानं वाऱ्यात अशी उभी होती, जशी पत्र्याची कापून चिकटवलीत.

दोघी त्या मुलखात जन्मल्या होत्या. हापा वाऱ्यात निश्चल राहिलेला दोघींनी कधी पाहिला नव्हता. सगळं वन श्वास रोखून करवतीकडे बघतंय असं वाटत होतं.

"ठेव ती खाली," ओर्वोक्की हळूच म्हणाली.

तुओवीने करवत बाजूला केली. पानं एकदम सुटली आणि वाऱ्याबरोबर सळसळायला लागली. फक्त कडेच्या खोडावर उरलेली चार पानं वाऱ्याला न जुमानता आपल्याच तालात थरथरत होती.

ओर्वोक्कीने बसून घेतलं. मग उठून लग्नासाठी आणलेल्या क्लाउडबेरीच्या दारूची बाटली उघडली आणि एका दमात पेला संपवला. बोन्साय मंडळात हे कुणाला सांगायचं नाही, एवढंच तिने बजावलं. दुसरा पेला तुओवीला दिला. थोड्या वेळाने दोघींना हसू फुटलं, आणि ते थांबेपर्यंत तुओवीच्या पोशाखाची एक बाही उलटी शिवून झाली होती.

५

शनिवारच्या संध्याकाळी, उन्हं अजून खिडकीतून तिरपी येत असताना, सौनाच्या बाकावर बसून तुओवीने काउकोला सगळं सांगितलं. घंटेचं, हात हलवल्याचं, करवतीचं. सौनात ती कधी खोटं बोलत नसे आणि काउको कधी थट्टा करत नसे. तो दगडांवर पाणी टाकत होता. वाफ चढत होती, दगड चरचरत होते.

तिला स्वतःलाच पटत नव्हतं. ती म्हणाली की डोकं एक सांगतं. मूळ कुजलंय, पानं गळतात, बाकी सगळे मनाचे खेळ. पण हाताला कळलंय, आणि इतकी वर्षं तिने बोट चालवली ती हाताने, डोक्याने नव्हे. दारुडे आणले, कळा सुरू झालेली बाई आणली, एकदा बिथरलेली गाय आणली. पण घंटा वाजवणाऱ्याला पलीकडे ठेवून ती कधी घरी आली नव्हती.

"कोण आहे, कळलं का?" काउकोने विचारलं.

"नाही. पायी आलाय, एवढंच."

"मग माझ्या पुलावरून का येत नाही?"

"तुझ्या पुलावरून?" तुओवी म्हणाली. "जिथून पूल निघतो तिथे त्याची राई होती."

काउकोने पळी बादलीत ठेवली. राई तोडून घेणारा मुकादम तोच होता हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, आणि त्यावर आजवर कुणी काही म्हटलंही नव्हतं.

"म्हणजे त्याचं काम माझ्याशी असेल," तो म्हणाला.

"त्याचीच तर मला भीती वाटते. मी त्याला तुझ्याकडेच घेऊन येणार."

काउको अंगावरचा घाम निपटत बसला. मग त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात ते जुनं हसू आलं. बोल्ट तपासायला आलोय म्हणताना यायचं ते.

"आण," तो म्हणाला. "लग्नाच्या दिवशी आण. एवढी माणसं येतायत, त्यात तो एक. आणि काम असलंच माझ्याशी, तर मी तळ्याच्या अलीकडे आहे की पलीकडे याने काय फरक पडतो, कप्तानीणबाई? झाड वाळतंय ते आधी बघ."

तोही होडीत येतो म्हणाला. तिने साफ नाही म्हटलं. दोर धरायला अलीकडे कुणीतरी लागतं.

६

युहान्नुसच्या दिवशी सकाळपासून अंगण गजबजलं. दाराच्या दोन्ही बाजूंना बर्चची रोपं बांधली होती. नवे बटाटे शेपूच्या दांड्यांबरोबर उकडत होते, धुरावर भाजलेल्या माशांचा वास पार रस्त्यापर्यंत जात होता. पाद्रीणबाई सायकलवरून आल्या आणि आल्या आल्या कॉफी मागू लागल्या. तुओवीने पोशाखावर जुनं तेलकट जाकीट चढवलं, पायांत रबरी बूट घातले आणि धक्क्यावर गेली. नवरी निघाली कुठे, असं कुणीतरी विचारलं. ओर्वोक्कीने सांगितलं की एक पाहुणा पलीकडे राहिलाय.

तळ्यावर वारा नव्हता. पाणी एवढं गुळगुळीत की वल्ह्यांनी पाडलेले भोवरे मागे बराच वेळ दिसत राहत होते. होडी वल्हवताना माणसाची पाठ पुढे असते आणि तोंड मागे. तुओवीला आपलं घर लहान लहान होताना दिसत होतं, अकॉर्डियन विरत जाताना ऐकू येत होतं. पुलाची सावली डोक्यावरून गेली. मग तळाला सिमेंट घासलं.

बेटावरचा उतार रिकामा होता. भेगांत डेझी फुलल्या होत्या. वर रस्त्यावरून गाडीच्या खिडकीतून कुठल्याशा पोरांनी तिच्याकडे पाहून हात हलवला, आणि गाडी निघून गेली. तुओवीला आपण लग्नाच्या पोशाखात रिकाम्या धक्क्याशी होडी लावून बसलोय याचं हसू यायला लागलं. परत जावं, कुजलेलं खोड कापावं, आणि यावर आयुष्यभर हसत राहावं, असं तिने ठरवलं.

पण आलेली बोट ठरावीक वेळ थांबवायची असते. ती थांबली. आणि मग रोज म्हणायची तेच, आवाज न चढवता म्हणाली, "चढा. निघायचंय."

होडीची मागची बाजू खाली गेली.

झटक्याने नाही. जपून पाय ठेवणाऱ्याच्या वजनाने जाते तशी. आधी एका कडेला, मग मधोमध. समोरची फळी करकरली. फळीवर कुणी नव्हतं. ऊन होतं, आणि सुकलेला माशाचा एक खवला.

तुओवीने वल्ही उचलली. ती जड लागत होती. परतीच्या वाटेवर तिचं तोंड सतत त्या फळीकडे होतं आणि नजर कुठे ठेवावी ते तिला कळत नव्हतं. ओळखीच्या नसलेल्या उतारूशी ती नेहमी हवापाण्याचं बोलायची, तसंच आताही बोलली. यंदा बटाटे लवकर आले. पाणी अजून गारच आहे. आज घरी लग्न आहे, माझंच, जेवूनच जायचं. बोलताना तिची नजर एकदाच होडीच्या कडेवरून पाण्यात गेली. पाण्यातल्या प्रतिबिंबात मागची फळी रिकामी नव्हती. फिकट हिरवट करडं, उभं, वर वर जाणारं काहीतरी होतं, आणि खांदे असायला हवेत तिथेही ते संपत नव्हतं. तिने झटकन मान वर केली आणि पुढे घर येईपर्यंत खाली पाहिलं नाही.

पुलाखाली होडी थांबली. तुओवी वल्हवत होती, तरी थांबली. मग एका बाजूला कलली, कुणीतरी मान वाकडी करून पुलाकडे नीट न्याहाळून पाहावं तशी. वर कमानीखाली काउकोचे बोल्ट ओळीने चमकत होते. "चांगला बांधलाय," ती म्हणाली. तिला दुसरं काही सुचलं नाही.

बऱ्याच वेळाने होडी सरळ झाली.

धक्क्यावर काउको काळ्या कोटात उभा होता. तिने फेकलेला दोर त्याने खुंट्याला बांधला. होडीची मागची बाजू हळूच वर आली, आणि धक्क्याची पहिली फळी दबली. मग दुसरी. मग त्याच्या बुटांसमोरची. तिथे ती बराच वेळ दबलेलीच राहिली. काउकोने हॅट काढून छातीशी धरली. तो पांढरा पडला होता, पण मागे सरला नाही.

फळी उठली. त्याच्या बाजूची फळी दबली, आणि करकर अंगणाकडे निघून गेली.

ओसरीत कडेच्या खोडाची चार पानं शांत होती. ओर्वोक्कीने ताट उचलून बाहेर जेवणाच्या टेबलावर नेलं. तळ्यावर नुकती झुळूक उठली होती. वनातली सगळी पानं, ती चारही, एकदम सळसळली. हापाने सळसळावं तशी. ओर्वोक्कीने डोळे पुसले आणि कांद्याला दोष दिला. कांदा तिथे नव्हता.

७

लग्न लागलं. काउकोचा आवाज फाटला आणि तुओवीचा फाटला नाही, म्हणून पाद्रीणबाईंनीही हसून घेतलं. बटाटे संपले, मासे संपले, पुन्हा बटाटे उकडले. उन्हं कलत होती पण जात नव्हती. ताउनोने शेवटपर्यंत काही ठरवलं नव्हतं, आणि त्याने जे सुचेल ते असं वाजवलं की पाय थांबेनात.

मग कुणीतरी फेराची टूम काढली. सगळ्यांनी हात धरायचे आणि फळ्यांवर गोल फिरायचं, लहानपणी शाळेत फिरायचे तसं. पाद्रीणबाई, ओर्वोक्की, शेजारीपाजारी, सगळे धावले. तुओवीने डावा हात ओर्वोक्कीला दिला आणि उजवा काउकोकडे केला. ताउनोने भाता ओढला. फेर निघाला.

अर्धा फेरा झाल्यावर तिच्या लक्षात आलं की काउको तिच्या शेजारी नाही. होता, पण एका माणसाइतक्या अंतरावर. त्याचा डावा हात तिच्याकडे पसरलेला होता आणि तिचा उजवा त्याच्याकडे. दोघांचे हात एकमेकांपर्यंत पोचत नव्हते, आणि तरी तिचा हात कुणीतरी धरला होता.

हात गार होता. कोरडा, उभ्या चिरा पडलेला, सालीसारखा. आणि त्यात आत कुठेतरी बारीक, न थांबणारी थरथर होती.

तिने तिकडे पाहिलं नाही. मान ताठ ठेवून ती काउकोकडे पाहत राहिली. त्याचा कोटाचा हात किंचित वर ओढला गेला होता आणि बोटं कशाभोवती तरी मिटली होती. त्याच्या कपाळावर घाम होता. पाय मात्र तालात पडत होते.

"हात गार आहे," तो तिला ऐकू जाईल एवढंच बोलला. "पण ताल पक्का आहे."

"रागावलाय?"

काउकोने फेराच्या दोन पावलांत अंदाज घेतला. "कळत नाही. सोडत नाहीये, एवढं खरं."

तुओवीने घराच्या दाराकडे पाहिलं. हात सोडून काउकोला धरावं, त्याला ओढून घरात न्यावं, असं तिला इतकं तीव्रपणे वाटलं की बोटं सैल पडलीसुद्धा. तशी त्या हातातली थरथर वाढली, धक्क्यावर एकटं राहिलेल्याची घंटा वाढते तशी. तिला ती ओळखीची वाटली. तिने बोटं पुन्हा वळवली आणि तो हात घट्ट, दुखेल इतका घट्ट धरला. पलीकडे काउकोचीही बोटं वळताना तिने पाहिली. ते दोघं तसेच, मध्ये एका माणसाची जागा सोडून, हसऱ्या, घामेजल्या लोकांबरोबर गोल गोल फिरत राहिले. फळ्या सगळ्यांच्या वजनाने एका सुरात वाजत होत्या. ओर्वोक्की गात होती, पाद्रीणबाई तिच्यापेक्षा मोठ्याने.

किती फेरे झाले कोण जाणे. तुओवीला एवढंच जाणवलं की आपल्या मुठीतली थरथर हळूहळू मंदावतेय. मग ती थांबली. हात गारच होता, पण आता निवांत होता.

ताउनोने शेवटचा सूर ओढला. फेर सुटला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, लोक पाणी प्यायला पांगू लागले. फळ्यांवर काउको आणि तुओवी तेवढे उभे राहिले, हात पसरलेले, बोटं मिटलेली. लोकांना वाटलं नवरा-नवरी काहीतरी खेळ करतायत, आणि सगळे हसायला लागले.

ताउनो भाता मिटत होता. काउकोने तुओवीकडे पाहिलं. तिने मान हलवली.

"आणखी एक वाजव," तो म्हणाला. "आम्ही तिघं अजून दमलो नाही."